ढ

फॉन्टच्या फॉर्ममध्ये एक चौकोन असतो: जाडी.
मी लिहिलं, ठळक.
दुसरं लिहिणार काय?
बारीक असं अण्णांनी काही कोरलंच नाही.

अण्णा म्हणजे पुंजाराम गांगुर्डे, सुतार.
भद्रकालीत खतीबांच्या छापखान्यामागे एक पडवी,
एक पटाशी, शिसवीचे ठोकळे.
कुस्त्यांची दंगल, सिन्नरचा तंबू-सिनेमा,
बैलबाजार, सर्कस,
ज्याला ज्याला भिंतीवरून ओरडायचं असेल
त्याचा घसा अण्णा घडवायचे.

अक्षरं उलटी. काना डावीकडे, वेलांटी भलतीकडे.
मी मुळाक्षरं तशीच शिकले,
पाटीवर माझा क
सगळ्या वर्गाकडे पाठ करून उभा.

नवं अक्षर झालं की शौकतभाई एक प्रत काढायचे,
रविवार कारंजावर खळ लावून चिकटवायचे,
आणि अण्णा मला रस्त्याच्या अलीकडे उभं करायचे.
'छबे, वाच.'
'दिसत नाही.'
अण्णा गुपचूप घरी.
पुढचा ठोकळा आणखी जाड,
शिरोरेषा तुळईएवढी,
म-च्या पोटात तांदळाएवढी पोकळी.
'आता?'
'आता थोडं थोडं.'

चार वर्षं हेच.
नाशकातल्या भिंती अंगाने भरत गेल्या.
पार येवल्याहून माणसं यायची,
तसलंच अक्षर पाहिजे म्हणायची, लांबून अंगावर येणारं.
कुणाला ठाऊक नव्हतं
की ती जाडी
एका पोरीच्या डोळ्यांचा नंबर आहे.

मलाही नव्हतं.
मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं:
गोदावरी म्हणजे हलणारा राखाडी पट्टा,
फळा म्हणजे नुसता काळा.
बाईंनी अण्णांना बोलावून सांगितलं,
मुलगी ढ आहे हो तुमची.

त्या रविवारी अण्णांनी मला सायकलवर
पांडवलेण्यांना नेलं. का, ते बोलले नाहीत.
वर एक पेन्शनर गृहस्थ
भिंतीवरचा लेख वहीत उतरवून घेत होते.
म्हणाले, सगळी अक्षरं बदलली बघा,
क बदलला, म बदलला,
ढ तेवढा दोन हजार वर्षं जसाच्या तसा.
हसले. अण्णा हसले नाहीत.
मला उचललं,
दगडाला नाक लागेपर्यंत जवळ धरलं.
'दिसतो?'
'दिसतो की.'
मी त्यावरून बोट फिरवलं. गार होता.
अण्णांनी मला खाली ठेवलं नाही बराच वेळ.
'म्हणजे जवळचं दिसतं तुला,' म्हणाले,
स्वतःलाच.

सोमवारी मेनरोडचा डॉक्टर. उणे सहा.

चष्मा आला त्या संध्याकाळी कारंजावर
मी पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं,
अगदी तळाची मुंगीएवढी ओळसुद्धा:
मुद्रक, खतीब.
अण्णांचं नाव कुठेच नव्हतं.
इतकी वर्षं मी ते न वाचलेल्या भागात धरून चालले होते.

त्यानंतर त्यांनी ढ कोरला.
गिऱ्हाईक नव्हतं. पोस्टरात ढ लागतो कितीसा?
तरी आठवडा घालवला त्याच्यावर.

आता शौकतभाईंच्या नातवाने
ठोकळे गोणीतून आणून दिलेत.
श्र वाळवीने खाल्लाय, ऱ्या हरवलाय,
ढ-च्या कडा अजून धारदार, शाई न लागलेल्या.
मी एकेक स्कॅन करते, सुलटं करते.
पुण्याचा एक मुलगा विचारतो,
मॅडम, रेट्रो आहे, भारी आहे,
पण पातळ कधी येणार?

मी चष्मा काढून टेबलावर ठेवते.
खुर्ची मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवते.
जे दिसतं ते राहतं.
जे दिसत नाही त्याला आणखी जाडी.

फॉर्मच्या शेवटच्या चौकोनात
नमुन्याचं वाक्य मागतात.
छबे, वाच.
छ-चं पोट अजून जरा बुजल्यासारखं वाटतंय.